छऱ्याच्या बंदुकीचे वय

जबलपूर शहरात बंदुकीचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी तोफ उभी राहते, आणि ते स्वाभाविकही आहे. मुंबई, मद्रास व फत्तेगढ येथील तोफगाड्यांचे जुने कारखाने एकत्र आणून १९०४ मध्ये येथे गन कॅरेज फॅक्टरी उभारण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १९६९ मध्ये लष्करी मोटारगाड्यांचा कारखाना आला. २०१९ च्या एप्रिल महिन्यात ‘धनुष’ या १५५ मिलिमीटर व्यासाच्या तोफांपैकी पहिल्या सहा तोफा लष्कराच्या हवाली झाल्या, त्याही याच गावच्या. लेथ, कानस आणि मायक्रोमीटर यांवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेले कारागीर ज्या गावी नांदतात, त्या गावात लहानशा छऱ्याच्या बंदुकीची मातब्बरी ती काय असणार!

प्रस्तुत भाषणाचा विषय मात्र तीच लहानशी बंदूक आहे. शहराच्या मध्यभागातून जाणाऱ्या ओमती नाल्यावरून ज्या वस्तीला ओमती हे नाव पडले, तेथील एखादे जुने घर क्षणभर कल्पनेत आणावे. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे मध्य प्रांतात आणि मग नागपूर राजधानी असलेल्या राज्यात १९५६ पर्यंत त्याचा समावेश होता. त्यामुळे कचेऱ्या, रेल्वे, शाळा आणि कारखाने यांच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे थोडीथोडकी नव्हेत. अशा एखाद्या घराचा माळा साफ करताना मोडक्या पाळण्यामागे जुनेऱ्यात गुंडाळलेली एक लांबट वस्तू हाती लागते. उलगडून पाहावे तो अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, गंजाने तपकिरी झालेली नळी आणि नळीखाली एक तरफ. ‘आजोबांची छऱ्याची बंदूक’ एवढीच तिची ओळख घरात शिल्लक असते. ती केव्हाची, कोणत्या कारखान्यातली, घरात आली कशी, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. अशा वेळी तिचे काय करावे?

दोन वाटा तर सर्वांना ठाऊक असतात. एक भंगारवाल्याकडे जाते. दुसरी एखाद्या हुशार कारागिराकडे जाते आणि तो चार दिवसांत बंदूक आरशासारखी लखलखीत करून परत देतो. पहिल्या वाटेने बंदूक नाहीशी होते हे उघड आहे. दुसऱ्या वाटेनेही ती बहुतेक नाहीशीच होते, हे मात्र तितकेसे उघड नाही.

एअर रायफल या वस्तूकडे आपल्याकडे कोणी गंभीरपणे पाहिले नाही. जत्रेत फळकुटावर फुगे लावून बसलेल्या माणसाची बंदूक, एवढेच तिचे स्थान. कार्तिकी पौर्णिमेला भेडाघाटला जत्रा भरते. अशा जत्रांतून ज्या बंदुकीने मुले फुगे फोडतात, तिच्यात जपण्याजोगे काही असेल हे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. पण खेळण्यातून काय निघेल याचा नेम नसतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतील एका मुलाने आपल्या मामाकडून मिळालेल्या अशाच खेळण्यातल्या एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी, हे विचारावयास तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तेथील चिटणीस मिलर्ड यांनी त्याच्यापुढे पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडली. त्या मुलाचे नाव सालिम अली. चिमणीचा जीव गेला याचे समर्थन करण्याचे कारण नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तसल्या नेमबाजीला मोकळीकही राहिलेली नाही. परंतु भारतीय पक्षिशास्त्राच्या दाराशी एक एअरगन उभी आहे, ही गोष्टही खोटी नव्हे.

सामान्य वस्तूंचा संग्रह करण्याची परंपरा मराठी माणसाला अपरिचित नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि त्यांतून राजा केळकर संग्रहालय उभे राहिले. अडकित्ता संग्रहालयात ठेवण्याजोगा आहे हे त्यांनी ठेवून दाखवीपर्यंत किती जणांना पटले असते? छऱ्याच्या बंदुकीची गोष्ट तशीच आहे. किंबहुना तिच्या अंगावर अडकित्त्यापेक्षा पुष्कळ अधिक मजकूर लिहिलेला असतो.

तो मजकूर वाचण्यापूर्वी तिची रचना समजून घेतली पाहिजे. हवेच्या बंदुकीचे दोन प्रकार आहेत. एकात हवा आधीच भरून ठेवलेली असते. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारलेली गिरांडोनीची हवेची रायफल या जातीची होती. दुसऱ्या जातीत हवेचा साठा मुळीच नसतो. असते ती एक भक्कम स्प्रिंग आणि तिच्या तोंडाशी एक दट्ट्या. तरफ ओढली किंवा नळी मोडून खाली वाकविली की स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे जाऊन अडतो. चाप ओढताच दट्ट्या सुटतो, पुढच्या बंद नळकांड्यातील हवा एकाएकी दाबतो आणि ती हवा एका बारीक छिद्रातून छऱ्याला ढकलते. सारा व्यापार डोळ्याचे पाते लवण्याच्या आत आटोपतो.

ज्यांनी घरात पंपाचा स्टोव्ह पेटविला आहे, त्यांना या यंत्राचा निम्मा भाग आधीच माहीत आहे. स्टोव्हच्या पंपात चामड्याचा वाटीसारखा वॉशर असे. तो सुकला की पंप हवा धरीत नसे. मग घरातील कोणी वडीलधारे माणूस तो काढून खोबरेल तेलात बुडवी, बोटांनी त्याची कड फुलवी आणि पुन्हा बसवी. जुन्या एअर रायफलीच्या दट्ट्यावरचा वॉशर याच कुळातला. माळ्यावर चाळीस-पन्नास वर्षे पडलेली बंदूक ‘मेली’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा एवढेच झालेले असते की तिचा चामडी वॉशर वाळून खडखडीत झालेला असतो.

या यंत्राची आणखी एक गंमत जबलपूरकरांना विशेष आवडावी. दारूची बंदूक मागे धक्का देते. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन धक्के देते. कारण जड दट्ट्या पुढे झेपावताना बंदूक मागे सरते आणि तो नळकांड्याच्या टोकाशी थांबताना ती पुढे ओढली जाते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या आतच ही ओढाताण सुरू झालेली असते. म्हणून अशी बंदूक घट्ट आवळून धरणाराचा नेम चुकतो. ती हलक्या हातावर ठेवून मोकळेपणी हलू द्यावी लागते. इंग्रजी लेखकांनी या पकडीला ‘तोफखान्याची पकड’ असे नाव दिले आहे, कारण गाड्यावरची तोफही अशीच मागे सरकू दिलेली असते. ज्या गावाने शंभरहून अधिक वर्षे तोफेचे गाडेच घडविले, त्या गावाला हे निराळे समजावून देण्याची गरज नाही.

आता माळ्यावरच्या त्या बंदुकीकडे वळू. नळी मोडत नाही, खाली तरफ आहे, आणि नळीच्या मागच्या अंगाला फिरकीच्या तोटीसारखा एक भाग आहे. तो फिरविला की छर्रा टाकण्याचे छिद्र वर येते. ही लक्षणे बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीच्या जुन्या रायफलीकडे बोट दाखवितात. बर्मिंगहॅमचे बंदूकवाले लिंकन जेफ्रीज यांनी १९०४ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि १९०५ पासून बीएसएने ती बनवावयास घेतली. तोवरच्या बहुतेक एअरगन खेळण्याच्याच मोलाच्या होत्या. ही मात्र खऱ्या रायफलीच्या कारखान्यात, खऱ्या रायफलीच्या तोलामोलाने घडविली गेली. इंग्लंडच्या मध्यभागातील खानावळींतून तिचे सामने होत. लोखंडी पत्र्याला बोटभरही नाही एवढे भोक, त्याच्या मागे घंटी, आणि सहा यार्डांवर नेमबाज; छर्रा भोकातून गेला की घंटी वाजे. मजूर, कारकून, दुकानदार संध्याकाळी जमून ही घंटी वाजवीत. ज्यांना शिकारीचे राखीव रान कधी मिळणार नव्हते, अशा माणसांची ही रायफल होती, आणि तिच्याविषयी आस्था वाटण्याचे हेही एक कारण आहे.

तिकडे जर्मनीत राश्टाट गावी १८९० मध्ये मायर आणि ग्रामेलश्पाखर या जोडीने कारखाना काढला. त्यांचे ‘डायना’ हे नाव पुढे जगभर गेले. शिकारीची रोमन देवता आपले धनुष्य टाकून हाती एअर रायफल उंच धरते आहे, असे त्यांचे बोधचिन्ह. आपल्याकडेही ही बंदूक तयार झाली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने सिमेंटच्या नळांबरोबर पुढे एअर रायफलीही बनविल्या. त्यांच्यावरील आय्. एच्. पी. ही तीन अक्षरे आज कोणाच्या घरात दिसली, तर ती विलायती नाही म्हणून खाली मान घालण्याचे कारण नाही. स्वतंत्र भारतातील कारखान्याची खूण म्हणून संग्राहकाने ती आधी उचलावी, असेच प्रामाणिकपणे म्हणावे लागेल.

बंदुकीचे वय ठरविणे म्हणजे कागदपत्रांवरून जमिनीचा हक्क ठरविण्यासारखे आहे. प्रत्येक खुणेला विचारावे लागते की ती काय सिद्ध करते आणि काय करीत नाही. पेटंटाचे साल पाहून ‘ही १९०४ ची बंदूक’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पेटंटाचे साल एवढेच सांगते की बंदूक त्यापूर्वीची नाही. तोच ठसा पुढे कित्येक वर्षे उठत राहतो. जर्मन बंदुकीवर ‘डी. आर. जी. एम.’ अशी अक्षरे असतात. ती जर्मन साम्राज्यातील नमुना-नोंदणीची अक्षरे. ही नोंदणी १८९१ पासून सुरू झाली, म्हणून तीही खालची मर्यादाच दाखवितात. देशाचे नाव असेल तर आणखी धागा मिळतो, कारण परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची सक्ती ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने आणली. केवळ ‘जर्मनी’ असेल तर एक काळ, ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा दुसरा.

कधी कधी दोन खुणा एकमेकींशी भांडतात. नळीवर ‘डायना’ हे नाव आणि त्याच्या शेजारी ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’! अजाण माणूस ती नकली ठरवून मोकळा होतो. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धानंतर राश्टाटच्या कारखान्याची यंत्रे व ते नाव ब्रिटिशांकडे गेले आणि स्कॉटलंडमधील मदरवेल येथील मिलार्ड ब्रदर्स ही पेढी ‘डायना’ बंदुका करू लागली. मूळचे जर्मन पुन्हा उभे राहिले, तेव्हा ब्रिटनमध्ये त्यांना आपला माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकावा लागला. भांडणाऱ्या खुणांनीच येथे काळ निश्चित केला. युद्धोत्तर जर्मन डायनाच्या नळकांड्यावर मागच्या बाजूस महिना आणि वर्ष यांचे बारीक आकडेही सापडतात. असा ठसा मिळाला की वाद मिटला.

बीएसएच्या बाबतीत अनुक्रमांक हाच मुख्य साक्षीदार. पहिल्या महायुद्धानंतरच्या रायफलींवर आकड्यांपूर्वी अक्षर येते. लहान व हलक्या नमुन्यावर ‘एल्’, मोठ्या नमुन्यावर ‘एस्’. दस्त्याच्या मनगटावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचे बोधचिन्ह कोरलेले असते. नळीचा व्यास क्रमांकाने दिला जाई. एक नंबर म्हणजे .१७७ इंच, दोन नंबर .२२ आणि तीन नंबर .२५. अनुक्रमांकावरून साल काढण्याचे कष्ट जॉन निब्स यांनी घेतले. बीएसए आणि लिंकन जेफ्रीज रायफलींवरील त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यामुळे आज संग्राहकाला अंदाजावर विसंबावे लागत नाही. विक्रेत्याचे नाव मिळाले तर ते बहुधा काळ नव्हे, वाट सांगते. १८७० मध्ये मुंबईहून आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग जबलपूरलाच एकत्र आले. तेव्हा या गावची बंदूक कोणत्या बंदरातून आली हे दुकानाच्या ठशावाचून सांगता येत नाही.

न लिहिलेल्या खुणाही असतात. इंग्रजी बंदुकीचे स्क्रू इंचाच्या आट्यांचे, जर्मन बंदुकीचे मिलिमीटरच्या आट्यांचे. इंग्रजी चांगला दस्ता अक्रोडाचा, जर्मन बहुधा बीचच्या लाकडाचा. शिसवीचा दस्ता दिसला तर तो येथील सुताराचा हात समजावा. त्याची किंमत कमी होत असेल, पण एखाद्या घराने मोडकी बंदूक टाकून न देता नीट करून घेतली याची ती नोंद असते, आणि ती खरवडून टाकण्याचा अधिकार सहजासहजी कोणी घेऊ नये.

आता दुरुस्ती. जबलपूरसारख्या गावात कारागिरांचा तुटवडा नाही. धोका आहे तो त्यांच्या कौशल्याचा. कारखान्यात ज्याने आयुष्यभर नवे ते निर्दोष केले, त्याच्या हाताला गंजाचा डाग सहन होत नाही. तो नळी बफला लावतो. पाच मिनिटांत गंज जातो, त्याबरोबर कडा गोल होतात, अनुक्रमांकाचा निम्मा आकडा जातो, पेटंटाची ओळ पुसट होते, तीन रायफलींचे बोधचिन्ह गुळगुळीत होते. मग त्यावर काळा मुलामा चढतो. बंदूक सुंदर दिसते, नेमही धरते. मात्र ती कोण आहे हे आता तिला सांगता येत नाही. वॉशर पुन्हा करता येतो, स्प्रिंग पुन्हा वळता येते, गेलेला ठसा परत येत नाही. नवा ठसा मारला तर ती बनावट होते.

म्हणून जाणता माणूस पहिल्या दिवशी हत्यार उचलीतच नाही. तो तिरप्या उजेडात बंदूक धरतो, ठशांवर खडूची पूड बोटाने चोळून अक्षरे उठवितो, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतो, छायाचित्रे काढतो. त्याआधी एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी. बंदूक ओढून ठेवलेली तर नाही? तिच्यात छर्रा तर नाही? पन्नास वर्षे दाबून राहिलेली स्प्रिंगही बोट तोडू शकते. नळी मोडणाऱ्या बंदुकीत, नळी खाली असताना चाप ओढून पाहण्याचा मोह लहान मुलांना फार होतो. नळी फाडकन वर आदळते, वाकते, दस्ता चिरतो. जुन्या घरांतील कित्येक बंदुकींच्या नळ्या वर वाकलेल्या आढळतात, त्यामागे बहुधा असाच एखादा दुपारचा प्रयोग असतो.

उघडण्याच्या कामी घाई नको. काही बंदुकींत मागचा ठोकळा आट्यांवर बसविलेला असतो, काहींत आडव्या खिळ्यांनी अडकविलेला. दोन्हींत स्प्रिंग थोडी दाबूनच बसविलेली असते. शिकंज्यात धरून, दाब हळूहळू सोडीत ती काढावी लागते. सुट्या हाताने ठोकळा फिरविणाऱ्याच्या छातीवर तो येऊन बसतो. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असेच स्क्रूड्रायव्हरचे तोंड घासून घ्यावे. हातचा स्क्रू निसटला तर बाजारातला मिलिमीटरचा स्क्रू ठोकून बसविण्यापेक्षा एक महिना थांबणे बरे. गंज तेलात भिजवून पितळेच्या पट्टीने आणि अगदी बारीक लोखंडी लोकरीने काढावा. ठशाजवळ पॉलिशकागद नेऊच नये. आत गेलेल्या गंजाचे काळे डाग राहिले तर राहू द्यावेत. तो गंज जिवंत नसतो, वाढत नाही.

वॉशर पाहावा. पुष्कळदा तो तेलात दोन दिवस ठेवला की मऊ पडतो आणि कामाला येतो. फाटला असेल तर नवा चामड्याचाच करावा. आज कृत्रिम पदार्थांचे वॉशर मिळतात आणि वेगही वाढवितात. पण चामड्याच्या वॉशरसाठी घडविलेल्या बंदुकीत ते घालण्यासाठी दट्ट्या कापावा लागत असेल, तर ती दुरुस्ती नव्हे. स्प्रिंगचेही तेच. जुनी वाकली वा आखूड झाली असेल तर त्याच जाडीच्या तारेची, तितक्याच वेढ्यांची नवी करावी. ‘जरा जोरदार’ स्प्रिंग हा या छंदातील मोठा अविचार आहे. ती तरफेचा सांधा झिजविते, चापाची धार मोडते, नेम बिघडविते. तेलाचाही अतिरेक नको. दट्ट्यापुढे तेल साचले की दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेते, धूर निघतो, मोठा आवाज होतो, आणि मुले टाळ्या वाजवीत असताना आत स्प्रिंग तुटते. छर्रा न घालता बार सोडणेही तितकेच वाईट. हवेची गादी नसल्याने दट्ट्या टोकावर आदळतो.

कायद्याची बाजू या छंदात पुष्कळ जण मागच्या खिशात ठेवतात. ती पुढच्या खिशात असावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २०१६ मध्ये झालेल्या नियमांप्रमाणे ज्या हवेच्या बंदुकीच्या नळीचा व्यास .१७७ इंचाहून, म्हणजे ४.५ मिलिमीटरहून, अधिक आहे, किंवा जिच्या छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलहून अधिक आहे, तिला परवाना लागतो. जत्रेतील आणि शाळेतील नेहमीची बंदूक या मर्यादेच्या आत असते. अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या थोडी वर भरते. वीस ज्यूल गाठावयास तोच वेग २८० मीटरच्या पुढे न्यावा लागेल. अडचण येते ती व्यासाची. ओमतीच्या माळ्यावरची बीएसए दोन नंबरची, म्हणजे .२२ ची निघाली, तर तिचे वय शंभर वर्षांचे असो, तिचा वॉशर वाळून गेलेला असो, ती परवान्याच्या कक्षेत येते.

येथे कुटुंबाची खरी परीक्षा असते. आजोबांची वस्तू अचानक अपराधाची वस्तू वाटू लागते, घरात कुजबुज होते, आणि एखाद्या रात्री कोणी ती कापून भंगारात टाकतो किंवा नर्मदेच्या हवाली करतो. दुसरा कोणी ती गुपचूप विकतो. हे पहिल्याहून वाईट. भीती अनाठायी आहे असे म्हणवत नाही, कारण कचेरीच्या पायऱ्या कोणालाच प्रिय नसतात. पण वारशाने आलेले शस्त्र घेऊन स्वतः होऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत जाणारा आणि पोलिसांनी माळ्यावरून काढलेला, यांच्यात कायदाही फरक पाहतो. अर्जासोबत नळीच्या व्यासाचे माप, अनुक्रमांक, छायाचित्रे आणि बंदूक घरात कशी आली याचे दोन ओळींचे निवेदन असेल, तर काम करणाऱ्यालाही काम सोपे जाते. आणि अनुक्रमांक बफखाली गेलेला असेल, तर? ज्या शस्त्रावरील क्रमांक पुसलेला आहे, त्याच्या मालकाला पुष्कळ अप्रिय प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. संग्राहकाला ठसा जपा म्हणून सांगितले तर तो हौशी सल्ला वाटतो. तोच सल्ला कायद्याच्या तोंडून आला की त्याचे वजन लक्षात येते.

दुरुस्त झालेल्या बंदुकीबरोबर एक वही असावी. काय बदलले, केव्हा बदलले, कोणत्या तारेची स्प्रिंग घातली, दस्त्यावरील कोणती चीर आधीपासून होती, हे तीत लिहावे. काढलेला जुना वॉशर, तुटलेली स्प्रिंग, झिजलेला खिळा टाकू नयेत. चिठ्ठी बांधून डबीत ठेवावेत. पुढच्या पिढीत कोणी अधिक जाणता निघाला तर त्याला आजच्या माणसाने काय केले ते उलगडता आले पाहिजे.

जबलपूरचा पावसाळा लोखंडाला मानवणारा नाही. जून ते सप्टेंबर या काळात बंदूक चामड्याच्या म्यानात किंवा लोकरी पिशवीत मुळीच ठेवू नये. ती ओल धरून ठेवतात आणि वरून सुरक्षित दिसणारी नळी आतून तपकिरी होते. सुती फडके, हवेशीर कपाट, आणि स्प्रिंग सैल सोडलेली. हात लावून परत ठेवताना, दाखविण्यापुरती जरी बाहेर काढली असली तरी, घामाचे ठसे तेलाच्या पुसट बोटाने पुसून घ्यावेत, आणि ते करताना अनुक्रमांकाच्या खाचांतून तेल साचू देऊ नये.